एकाच खोलीतले छोटे हॉरर गेम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पॉयलर, म्हणजे गोष्टीतलं गुपित आधीच फोडणं, शक्यतो टाळलंय. एकदोन ठिकाणी सांगितल्याशिवाय मुद्दाच कळत नाही, तिथे आधी तसं लिहिलंय, ते वाचायचं नसेल तर सरळ पुढच्या प्रश्नावर जा.

एक खोली म्हणजे खरंच एकच खोली का? बाथरूम, बाल्कनी धरायची का?

काटेकोर नियम असा काही नाही. पलंगाखाली डोकावणं, कपाटाच्या आत शिरणं, ड्रॉवर जवळून बघणं हे सगळं एकाच खोलीत धरतात. बाथरूम चिकटून असेल तर तेही चालतं. मी बघतो ते एवढंच की खेळणाऱ्याला जीव घेऊन पळायला दुसरी जागा आहे का. नसेल तर तो गेम या प्रकारातला. त्या हिशोबाने २०१४ चा पी.टी. खरं तर एक वळणाचा कॉरिडॉर आहे, खोली नाही, पण शेवटच्या दारातून बाहेर पडलं की तुम्ही परत त्याच कॉरिडॉरच्या सुरुवातीला येता, त्यामुळे तो मी डोळे झाकून या यादीत घालतो. कोणाला पटत नसेल तर राहू दे, यावर भांडण्यात अर्थ नाही.

हा प्रकार आला कुठून?

ॲडव्हेंचर गेम, म्हणजे फिरत, वस्तू शोधत कोडी सोडवायचा गेम, हा प्रकारच मुळात एका गुहेतून आला, विल क्राउदरने १९७६ च्या सुमारास लिहिलेला टेक्स्ट गेम, नुसते शब्द टाइप करून गुहेत फिरायचं. मग १९८० मध्ये रॉबर्टा आणि केन विल्यम्स यांनी ॲपल टूवर मिस्टरी हाउस काढला. चित्रं असलेला पहिला ॲडव्हेंचर गेम तोच, आणि गंमत म्हणजे तोही एका घरात अडकलेल्या माणसांचे एकेक करून खून होण्याबद्दलच होता. म्हणजे चित्र आलं तेव्हापासून भीती सोबतच आहे.

पण एका खोलीतली भीती म्हणाल तर दोन वर्षं लक्षात ठेवा. २००० मध्ये अँड्र्यू प्लॉटकिनचा शेड आला, पूर्ण टेक्स्ट, एक चित्र नाही. आणि २००४ मध्ये तोशिमित्सु ताकागीचा क्रिम्सन रूम, फ्लॅश या तेव्हाच्या ब्राउझरमधल्या सॉफ्टवेअरवर, लाल खोलीत जाग येते आणि दार बंद. हा इतका पसरला की त्याच्या मागोमाग बंद खोलीतून सुटायच्या गेमांची रांगच लागली. लोक खरोखरच्या खोलीत पैसे देऊन स्वतःला कोंडून घेतात ना, ती एस्केप रूम जपानमध्ये २००७ ला सुरू झाली, म्हणजे गेम आधी आणि खोली नंतर.

अहो पण एकाच खोलीत घाबरायचं कशाला? दहा मिनिटांत सवय होऊन जाते की.

बरोबर, होतेच. आणि सगळी मेख तिथेच आहे. कोंडलं गेल्याची भीती फार टिकत नाही, खेळणाऱ्याला माहीत असतं की कीबोर्डवरचं एस्केप दाबलं की बाहेर. पण त्या दहा मिनिटांत तुमच्या नकळत एक गोष्ट घडते, खोली तुम्हाला पाठ होते. घड्याळ कुठे, खुर्ची कुठल्या कोनात, भिंतीवरच्या फोटोत किती माणसं, हे सगळं डोक्यात बसतं. मोठ्या गेममध्ये चाळीस खोल्या असतात, त्यातल्या एकीचीही अशी ओळख होत नाही. आणि एकदा खोली पाठ झाली की मग फोटोतलं एक माणूस कमी करायचं, बस. राक्षस दाखवायची गरजच राहत नाही, अंगावर काटा आपोआप येतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे २००४ चाच सायलेंट हिल ४ : द रूम. (इथून पुढचा हा परिच्छेद स्पॉयलर.) हा गेम छोटा नाही आणि अख्खा एका खोलीतला पण नाही, पण त्यातली ३०२ नंबरची खोली बघायलाच हवी. हेन्री नावाचा माणूस स्वतःच्याच फ्लॅटमध्ये अडकलाय, दाराला साखळ्या आहेत आणि त्या आतून लावलेल्या आहेत. खिडकीतून रस्ता दिसतो, दाराच्या भिंगातून शेजारी दिसतात, हा ओरडतो पण कोणाला ऐकू जात नाही. बाथरूमच्या भिंतीतल्या भोकातून भयाण जगात जाऊन यायचं, आणि खोलीत परतलं की तब्येत आपोआप भरून येते, सेव्ह पण तिथेच होतं. म्हणजे अर्धा गेम ही खोली तुमचं हक्काचं घर असते, बाहेर मार खाऊन आलात की इथे टेकायचं. आणि मग अर्ध्यानंतर तब्येत भरून येणं बंद होतं. खोलीतच विचित्र प्रकार सुरू होतात आणि त्यांच्याजवळ उभं राहिलं तर उलट तब्येत खाली जायला लागते. सेव्ह करायला मात्र तिथेच यावं लागतं. ज्या जागेवर विश्वास टाकला तीच हातातून गेली, आणि त्यासाठी एकही नवीन खोली बांधावी लागली नाही.

यात जंप स्केअर, म्हणजे अचानक काहीतरी समोर येऊन दचकवणारे प्रसंग, असतात का? मला ते अजिबात सहन होत नाहीत.

काहींत असतात, काहींत औषधालाही नसतात. २०१४ चा फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज तर त्याच्यावरच उभा आहे. तुम्ही ऑफिसात बसलेले, जागचं हलता येत नाही, कॅमेरे बघायचे, दोन बाजूंची दोन दारं लावायची, आणि दार लावलं की वीज भराभर संपते. मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत तग धरायचा. तो ॲडव्हेंचर म्हणता येणार नाही, कोडी वगैरे नाहीत त्यात. पण नीट बघितलं तर त्यातही खरी भीती त्या दचकण्याआधीची आहे, वीज बारा टक्के उरलीये आणि अजून चार वाजलेत, दार लावू की नको, तिथे पाचावर धारण बसते. दचकणं ही शरीराची आपोआप होणारी क्रिया आहे आणि तोच झटका परत परत दिला की ती बोथट होत जाते, म्हणून छोट्या गेममध्ये एक जंप स्केअर पुरे, तिसऱ्याला लोक हसायला लागतात.

सहन होत नसेल तर गेमच्या पानावरचे टॅग आधी वाचा, 'जंप स्केअर नाहीत' असं बरेच जण स्वतःहून लिहितात. टेक्स्ट गेम त्यातल्या त्यात सुरक्षित.

किती वेळ लागतो? सेव्ह करता येतं का?

वीस मिनिटांपासून दोन तासांपर्यंत काहीही. तासाभराच्या आतल्या गेममध्ये बऱ्याचदा सेव्हच नसतं, एका बैठकीत संपवा असाच हेतू असतो, त्यामुळे सुरू करायच्या आधी मेनू बघून घ्या नाहीतर मध्येच कोणी हाक मारली की पहिल्यापासून.

याला जोडूनच एक विषय आहे तो रिफंडचा. स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. आता दीड तासाचा गेम पूर्ण खेळून, शेवट बघून, वर पैसेही परत घेता येतात, नियमात बसतं. पण ज्याने तो एकट्याने सहा महिने बसून बनवला त्याचं काय होत असेल बघा. गेम चाललाच नाही, क्रॅश झाला, तर बिनधास्त घ्या रिफंड. आवडून संपवला असेल तर नका घेऊ, एवढंच सांगतो. इच डॉट आयओ या छोट्या गेमांच्या साइटवर तर बरेच गेम 'वाटेल ते द्या' या तत्त्वावर असतात, शून्य पण चालतं.

अडकलोय! अर्धा तास झाला काहीच होत नाहीये. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर.

पहिलं म्हणजे जे आधी बघून झालंय ते परत बघा. मोठ्या गेममध्ये अडकलं की माणूस नवीन जागा शोधतो, इथे नवीन जागा नाहीच, म्हणजे जुन्या जागेतच काहीतरी बदललेलं असणार. किल्ली मिळाल्यावर, फोन वाजून गेल्यावर, लाइट गेल्यावर, प्रत्येक मोठ्या घटनेनंतर खोलीला पूर्ण एक चक्कर मारायची, अगदी रिकामा ड्रॉवर पण परत उघडायचा. निम्म्याहून जास्त वेळा तिथेच सुटतं. मघाशी आरशात काही नव्हतं म्हणून आत्ताही नसेल असं इथे चालत नाही.

दुसरं, हातातल्या वस्तू. त्यांच्यावरही क्लिक करून जवळून बघा, फिरवता येत असेल तर मागची बाजू बघा. डायरीची शेवटची पानं, फोटोच्या मागे लिहिलेली तारीख, खेळण्याच्या तळाला असलेला स्क्रू. तारीख दिसली की ती कुठल्यातरी कुलुपाचा नंबर आहे असं समजूनच चाला, हा इतका घासून गुळगुळीत झालेला प्रकार आहे की हसू येतं, पण अजून चालतो.

तिसरं, आवाज. गेम म्यूट करून खेळत असाल तर ते आधी बंद करा. भिंतीपलीकडे किती ठोके पडले, रेडिओवर मध्येच कुठला आकडा ऐकू आला, हे बऱ्याच ठिकाणी कोड्याचं उत्तर असतं.

आणि चौथं, पिक्सेल शोधणं. जुन्या फ्लॅश गेममध्ये नुसता ढिगारा आहे याचा. एखाद्या ठरावीक कोपऱ्यातल्या ठरावीक चार पिक्सेलवर क्लिक केलं तरच वस्तू मिळते, तिथे डोकं चालवून काही उपयोग नाही. क्रिम्सन रूममध्ये लोकांच्या नाकी नऊ आले ते यानेच. अशा वेळी सरळ वॉकथ्रू, म्हणजे गेम कसा सोडवायचा ते पायरीपायरीने सांगणारा लेख किंवा व्हिडिओ, बघा, त्यात कसला आलाय कमीपणा, ते कोडं नव्हतंच मुळी. पर्स्पेक्टिव्ह बदलायला कडेला बाण असतील तर प्रत्येक बाजूच्या प्रत्येक टोकाला एकदा क्लिक करून मग जा, एवढं मात्र करा.

टेक्स्ट गेममध्ये अडकलात तर क्रियापदं बदलून बघा. 'उघड' चालत नसेल तर 'ढकल', 'आत बघ', 'खाली बघ'.

वॉकथ्रू बघितला तर मजा जाते का?

फक्त पुढची एक पायरी बघितली तर नाही जात. व्हिडिओ वॉकथ्रू शक्यतो नको, त्यात एक उत्तर शोधता शोधता शेवट दिसतो.

हेडफोन लावायलाच हवेत का?

लावाच. एक खोली असल्याने बनवणाऱ्याने सगळा जोर आवाजावर दिलेला असतो, दारापलीकडचं जग आवाजानेच तयार होतं. चांगल्या गेममध्ये सुरुवातीपासून एक बारीक घरघर चालू असते, फ्रिजची किंवा पंख्याची, तुमचं लक्षही जात नाही तिकडे. मग एका क्षणी ती थांबते. स्पीकरवर हे कळतच नाही, हेडफोनवर मात्र काळजाचा ठोका चुकतो. फक्त आवाज आधी निम्म्यावर ठेवा, काही अतिउत्साही लोक किंकाळी बाकीच्या आवाजाच्या चौपट ठेवतात.

लहान मुलांना देऊ का? आणि लाइट चमकण्याचा त्रास होतो, खेळू शकेन का?

लहान मुलांना नको. कार्टूनसारखं दिसतंय म्हणजे लहानांचं असं समजू नका, या प्रकारात आत्महत्या, घरातला छळ, आजारपण असे विषय खूप येतात, आधी स्वतः संपवून बघा, तासाभराचाच तर असतो.

चमकण्याबद्दल : एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काही चमकू नये असा वेबसाठीचा सुगम्यतेचा नियम आहे, तो फिट्स येऊ शकणाऱ्यांसाठीच आहे. मोठ्या कंपन्या इशारा तरी देतात, एकट्याने बनवलेल्या गेममध्ये फडफडणारी ट्यूबलाइट हमखास असते आणि इशारा असेलच असं नाही. फिट्सचा इतिहास असेल तर आधी कोणाला तरी खेळून बघायला सांगा, अंधाऱ्या खोलीत खेळू नका. हे गमतीत घेऊ नका.

जुने फ्लॅश गेम आता चालतच नाहीत ना?

ब्राउझरमध्ये पूर्वीसारखे नाही. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअर बंद केला. पण रफल नावाचा एम्युलेटर, म्हणजे फ्लॅशची नक्कल करणारा प्रोग्रॅम आहे, फुकट आहे, त्यात बरेच चालतात. आणि फ्लॅशपॉइंट म्हणून एक प्रचंड संग्रह आहे, लोकांनी हजारो गेम जपून ठेवलेत तिथे. याउलट पी.टी. बघा, २०१५ च्या एप्रिलमध्ये प्लेस्टेशन स्टोअरवरून काढून टाकला आणि संपलं, ज्यांच्या मशीनवर आधीच होता त्यांच्याकडेच राहिला. डाउनलोड करून ठेवता येत असेल तर ठेवा, एवढंच.

पहिल्यांदाच खेळतोय, कुठून सुरू करू?

वाचायची आवड असेल तर शेड. पहाट व्हायची आहे, प्रवासाला निघायचंय, छोट्याशा अपार्टमेंटमध्ये तुम्ही जागे आहात, कामांची यादी समोर आहे आणि तहान लागलीये. पाणी प्यायला उठा. याच्यापुढे मी काही सांगणार नाही, फुकट आहे, जाऊन खेळा. इतक्या साध्या कामातून इतकं अस्वस्थ करणारा दुसरा गेम मला तरी माहीत नाही.

कोडी आवडत असतील तर रस्टी लेकवाल्यांचे क्यूब एस्केप, २०१५ पासूनचे, खोलीच्या चार भिंती आणि सगळं विचित्र, मोबाइलवरही मस्त चालतात. भीती हलकी, पण रेंगाळते.

नेहमीच्या उलटं काही हवं असेल तर २०१३ चा डोन्ट एस्केप. यात खोलीतून सुटायचं नाहीये, रात्री तुम्ही नरलांडगा होणार आहात म्हणून स्वतःलाच इतकं पक्कं कोंडायचं की गावातल्या कोणाला इजा होणार नाही. आपणच भीतीचं कारण, ही कल्पना एवढ्या छोट्या गेममध्ये फार सफाईने बसवलीये.

आणि खोली पाठ होण्याचा मुद्दा अगदी शुद्ध स्वरूपात बघायचा असेल तर २०२३ चा द एक्झिट ८. भुयारी स्टेशनचा कॉरिडॉर, तोच परत परत. काही वेगळं दिसलं तर मागे फिरा, नाही दिसलं तर पुढे जा, आठव्या एक्झिटपर्यंत पोचायचं. गोष्ट जवळपास नाहीच, तरी चौथ्या-पाचव्या फेरीला पोस्टरवरच्या डोळ्यांकडे बघताना घाम फुटतो.

मला स्वतःचा बनवायचाय. एकच खोली म्हणजे सोपं असणार ना?

चित्रं कमी लागतात हे खरं. पण लिखाण आणि जोडण्या वाढतात, ते कोणी सांगत नाही. हिशोब करा : खोलीत वीस वस्तू, आणि गेममध्ये तीन टप्पे, म्हणजे शांत, संशय, सगळं बिघडलेलं. प्रत्येक टप्प्यात प्रत्येक वस्तूचं वर्णन वेगळं हवं, झाली साठ वर्णनं. खिशात आठ वस्तू आल्या तर त्यांच्या आपसातल्या जोड्या २८, आणि खोलीतल्या वीस वस्तूंवर वापरायच्या म्हटलं तर १६० शक्यता. सगळ्यांना उत्तर लिहायचं नसतं, पण कात्री पडद्यावर वापरली आणि गेम म्हणाला 'असं करता येत नाही' तर खेळणारा तिथल्या तिथे गेममधून बाहेर येतो. खोली एकच आहे म्हणजे तो सगळं करून बघणार, त्याला दुसरं कामच नाही. म्हणून वस्तू कमी ठेवा, बारा पुरेत, पण प्रत्येकीला नीट उत्तर द्या.

दुसरं, बदल कधी करायचा. डोळ्यांसमोर खुर्ची सरकली तर तो नुसता इफेक्ट झाला. खेळणारा ड्रॉवर जवळून बघत असताना मागे खुर्ची फिरवा, तो परत मागे आला की दिसू दे किंवा न दिसू दे. थ्रीडीमध्ये वस्तू कॅमेऱ्याच्या बाहेर असेल तेव्हाच बदलायची, कोडमध्ये हे तपासणं अवघड नाही. आणि पहिला बदल अगदी छोटा, शंका यावी इतपत. तो कोणाच्या लक्षात आला नाही तरी हरकत नाही, दुसऱ्या बदलाच्या वेळी खेळणारा मागचं आठवून बघतो आणि स्वतःच्याच आठवणीवर संशय घ्यायला लागतो, आपलं काम झालं.

हे जमण्यासाठी सुरुवातीला खेळणाऱ्याला खोलीत रमू द्यावं लागतं. बरेच जण पहिल्या मिनिटातच भिंतीवर रक्त लावून मोकळे होतात. मग बिघडवायला उरलं काय?

कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

कोडिंग येत नसेल तर ट्वाइन, टेक्स्टसाठी, २००९ पासून आहे, फुकट. पॉइंट अँड क्लिक, म्हणजे चित्रातल्या वस्तूंवर क्लिक करून खेळायचा गेम, हवा असेल तर ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ, जुना आहे पण या कामासाठीच बनलाय, आणि त्यांच्या लोकांत 'एक खोली, एक आठवडा' अशी स्पर्धाच चालत आलीये, सात दिवसांत एका खोलीचा गेम, त्यातले जुने गेम बघून खूप शिकायला मिळतं. टू-डी थ्रीडी काहीही करायचं असेल तर गोडो, तोही फुकट आणि मुक्त स्रोत. कुठलं चांगलं यावर महिनाभर व्हिडिओ बघत बसू नका, जे पहिलं उघडेल त्यात एक दार आणि एक किल्ली बनवा.

शेवट कसा करू? सगळं स्वप्न होतं असं दाखवलं तर?

कृपया नको. 'तो आधीच मेलेला होता' हेही आता लोक पाचव्या मिनिटाला ओळखतात. शेवटाची बीजं खोलीतल्या वस्तूंतच असू द्या, जो कप तीनदा बघितला त्यातच उत्तर होतं असं निघालं की लोक दुसऱ्यांदा खेळतात. आणि छोट्या गेमला दुसऱ्यांदा खेळलं जाणं हीच मोठी कमाई. दोन-तीन वेगळे शेवट ठेवणार असाल तर त्यांच्यापर्यंत पोचायला अख्खा गेम परत खेळायला लावू नका, शेवटच्या टप्प्याआधी एक सेव्ह द्या.

गेम संपला पण डावीकडचं कपाट शेवटपर्यंत उघडलंच नाही. बग आहे का?

बहुतेक नाही. ते नुसतं रंगवलेलं असतं, किंवा मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, किंवा दुसऱ्या शेवटासाठी असतं. शंका असेल तर बनवणाऱ्याला विचारा, यातले बरेच जण उत्तर देतात. फक्त 'चालत नाही' एवढंच लिहू नका, व्हर्जन कुठलं, कपाटावर क्लिक करायच्या आधी काय काय केलं होतं, हातात कुठल्या वस्तू होत्या ते लिहा आणि सोबत स्क्रीनशॉट जोडा. त्यात शेवट दिसत असेल तर वर स्पॉयलर लिहायला विसरू नका.